छोटा फटका आणि गच्चीवरचं भोक

माझ्या ऑफिसातल्या खुर्चीच्या मागे, बरोबर डोक्याच्या वर, भिंतीचा एक तुकडा बाकीच्या भिंतीपेक्षा स्वच्छ आहे. आकार ढालीचा. गेल्या वर्षापर्यंत तिथे खरोखरची ढाल होती, लाकडी, पितळी पट्ट्यांची. आमच्या विमा कंपनीच्या दोन शाखांमध्ये दर वर्षी गोल्फचा सामना होतो आणि जिंकणारी शाखा ती ढाल वर्षभर मिरवते. सध्या ती नदीपलीकडच्या शाखेत आहे. का आहे, हे मला कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे. लोक माझ्यासमोर येऊन बसतात, गाडीला पोचा कसा आला ते सांगू लागतात, आणि सांगता सांगता त्यांची नजर माझ्या डोक्यावर जाते. मग ती हळूच खाली माझ्या तोंडावर येते. बाहेरच्या माणसांनासुद्धा आमच्या शिपायाने दारातच सगळं सांगून ठेवलेलं असतं, असा माझा दाट संशय आहे.

सामना जोड्यांचा असतो. एका जोडीला चेंडू एकच. एक फटका एकाने मारायचा, पुढचा दुसऱ्याने. माझे जोडीदार मोठे साहेब. साहेबांना लांबचे फटके आवडतात. ते चेंडू असा काही हाणतात की बघणाऱ्यांच्या माना दुखतात, आणि तो चेंडू जाऊन पडतो थेट हिरवळीच्या काठाशी, झेंड्यापासून हाकेच्या अंतरावर. सगळे टाळ्या वाजवतात. आणि मग उरतो तो छोटा फटका. तो माझा. मऊ हाताने चेंडू जरासा उचलायचा, हिरवळीवर अलगद टाकायचा आणि झेंड्याखालच्या भोकाकडे घरंगळत जाऊ द्यायचा. बस्, एवढंच. सांगायला काय जातं हो! माणसाने लांब मारताना चूक केली तर चेंडू झाडीत जातो आणि झाडी सगळं झाकून घेते. जवळून मारताना चूक केली तर ती दोन्ही शाखांना, त्यांच्या बायकांना आणि चहा देणाऱ्या पोऱ्यापासून हिशेबनिसापर्यंत सगळ्यांना स्पष्ट दिसते.

गेल्या वर्षी शेवटच्या भोकावर माझा छोटा फटका हिरवळ ओलांडून, नदीपलीकडच्या शाखेच्या चहाच्या टेबलावर गेला. किटलीवर. साहेब माझ्याकडे बघून फक्त "वा" म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर मी दोन दिवसांत विसरलो असतो. ते "वा" मला अजून ऐकू येतं.

यंदा सामन्याची तारीख लागली तसं साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "यंदाही आपलीच जोडी," ते म्हणाले. "ढाल तुमच्या डोक्यावरून गेली, ती तुमच्याच डोक्यावर परत आली पाहिजे. नाही आली तर त्या जागी आम्ही तुमचा फोटो लावू." आणि ते हसले. मीही हसलो. साहेब हसले की हसायचं, ही आमच्याकडची रीत आहे. पण दुसऱ्याच दिवशी शिपाई माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "साहेबांनी फ्रेम मागवलीय. तुमचा फोटो उभा आहे की आडवा, ते विचारलंय." तेव्हा मात्र मी मान वळवून भिंतीवरच्या त्या स्वच्छ तुकड्याकडे बघितलं. निवृत्त होईपर्यंत स्वतःच्याच फोटोखाली बसून लोकांचे दावे मंजूर करायचे! लोक विचारणार, हे कोण? म्हणजे, कधी गेले?

त्याच संध्याकाळी मी ठरवलं की लांबच्या फटक्याचं काय व्हायचं ते होवो, आपण छोटा फटका सुधारायचा.

मैदानावर जाऊन सराव करता आला असता, असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी मैदानाच्या सभासदत्वाची चौकशी करून यावी. आमच्या कंपनीला ते वर्षातून एक दिवस मिळतं, तेही कुणाच्या तरी ओळखीने. म्हणून मी सुरुवात घरातच केली. हॉलमध्ये सतरंजी अंथरली, समोर बादली आडवी ठेवली. पहिला चेंडू बादलीत गेला नाही. तो भिंतीवरच्या दिव्यात गेला. दिवा बायकोच्या माहेरचा होता. घरात दुसरंही काही फुटण्यासारखं होतं, पण चेंडूने बरोबर तोच निवडला. ही स्वयंपाकघरातून आली, काचा बघितल्या, माझ्या हातातली काठी बघितली, आणि म्हणाली, "अहो, घरात नाही." आवाज चढवला नाही. चढवला असता तर वाद घालता आला असता.

राहता राहिली गच्ची. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी हा एक स्वतंत्र विषय आहे. ते स्वतःच्या घरातही दारावर टकटक करून शिरतात, असं म्हणतात.

"किल्ली कशासाठी?" त्यांनी विचारलं.

"जरा गोल्फचा सराव करावा म्हणतो."

"गच्चीची किल्ली तीन कारणांसाठी देता येते. टाकी साफ करणे, अँटेना दुरुस्त करणे, कपडे वाळत घालणे. गोल्फ यांपैकी कशात बसतं?"

मी म्हटलं, कशातच बसत नाही. त्यांनी विचार केला. माणूस वाईट नाही. नियमात बसत असेल तर जीवही देईल. "असं करा," ते म्हणाले, "कपडे वाळत घालायला जा. तिथे गेल्यावर तुमच्या हातून आणखी काही झालं, तर त्याला माझी हरकत नाही. पण हातात ओला कपडा दिसला पाहिजे."

आता सांगा! ऑफिसात वीस माणसांचा विभाग सांभाळणारा मी, रोज संध्याकाळी एका हातात गोल्फची काठी आणि दुसऱ्या हातात ठिबकणारा टॉवेल घेऊन जिना चढू लागलो. जिन्यात भेटणारा प्रत्येकजण आधी काठीकडे बघायचा, मग टॉवेलकडे. एकाने तर बाजूला होऊन वाट दिली आणि मी पुढे गेल्यावर बायकोला हाक मारली.

गच्चीवर मात्र मला पहिल्यांदा बरं वाटलं. मोकळी हवा, कठडे उंच, कुणी बघायला नाही. मी पायपुसणं टाकलं, त्यावर चेंडू ठेवला आणि मारला. काय सांगू! चेंडू अलगद उठला, टप्प्यावर पडला आणि घरंगळत निघाला. वळण घेऊन कोपऱ्यात गेला. कोपऱ्यात पावसाचं पाणी उतरायला पाइपचं भोक आहे. टुप्. आत.

आयुष्यात पहिल्यांदा माझा छोटा फटका भोकात गेला होता. मी टॉवेल हवेत फिरवला. तेवढ्यात पाइपमधून आवाज येऊ लागला. टक्, टक्, टक्, असा एकेक मजला उतरत तो खाली गेला. खाली, त्या पाइपच्या तोंडाशी, दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे.

डॉक्टर पांढऱ्या कोटातच वर आले. त्यांच्या एका हातात चेंडू होता आणि दुसऱ्या हातात चिमटा तसाच राहिला होता. "पेशंटच्या दाढेत मशीन घातलं होतं हो मी!" ते धापा टाकत म्हणाले. "भिंतीतून टकटक ऐकू आली तर तो समजला, आपलाच जबडा वाजतोय. उठून पळाला. तोंडात कापूस घेऊन पळाला!"

मी हात जोडले. दुसऱ्या दिवशी त्या भोकावर एक वीट ठेवली आणि माझ्या मते प्रश्न मिटवला. गच्चीला उतार त्या कोपऱ्याकडेच असल्यामुळे चेंडू कुठूनही मारला तरी विटेला जाऊन थडकायचा. फार छान चाललं होतं. पण जाताना वीट काढायची राहिली. आणि आमच्या इमारतीत पाण्याची टाकी रोज पहाटे भरून वाहते, कारण पंप बंद करणं हे नेमकं कुणाचं काम, हे अजून ठरायचं आहे. पाणी गच्चीवर साचलं. गच्चीखाली मास्तर राहतात. शाळेचे हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, एकटे, व्यवस्थित. मास्तरांच्या छतातून पाणी झिरपलं आणि ठिबकायला त्याला नेमकी मास्तरांची उशीच सापडली.

मास्तर ओल्या डोक्याने माझ्या दारात उभे राहिले. रागावले नाहीत. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," एवढंच म्हणाले. मला वाटलं, आता हे मला अंगठे धरून उभं करणार.

रविवारी कमिटीची तातडीची सभा भरली. डॉक्टरांचं म्हणणं, भोक बंद ठेवा. मास्तरांचं म्हणणं, भोक उघडं ठेवा. मी मध्येच म्हटलं, "अहो, लोखंडाची जाळी बसवू. पाणी जाईल, चेंडू जाणार नाही. मी आणतो."

सेक्रेटरींनी चष्मा काढला. "जाळी म्हणजे नवीन बांधकाम झालं. त्याला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. ती वार्षिक असते."

"मग नुसती चाळणी ठेवतो वर."

"चाळणी म्हणजे झाकण. झाकण म्हणजे वीट. विटेचा अनुभव मास्तरांनी घेतला आहे."

मास्तरांनी डोक्यावरून हात फिरवला. शेवटी ठराव झाला. जाळीला मंजुरी मिळेपर्यंत भोक झाकायचं नाही आणि चेंडू भोकात जाऊ द्यायचा नाही. चेंडू तिकडे निघाला की मारणाऱ्याने स्वतः धावत जाऊन पायाने अडवायचा. आणि त्या वेळी गच्चीवर जो कुणी असेल त्याने "अडवा!" असं मोठ्याने ओरडून सूचना द्यायची. 'थांबवा' की 'अडवा' यावर अर्धा तास गेला. 'थांबवा' म्हणेपर्यंत चेंडू पोचतो, असं मास्तरांनी म्हणून दाखवून सिद्ध केलं.

एकदा इमारतीने ठराव केला की तो पाळायला सगळी इमारत लोटते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालायला येत, त्या आता वाळलेले कपडेही घेऊन येऊ लागल्या. मास्तर आपल्या छताच्या काळजीने खुर्ची घेऊनच वर बसत. डॉक्टर दोन पेशंटांच्या मधल्या वेळात येत. सेक्रेटरी टॉवेल ओला आहे की नाही ते दाबून बघत. आणि आली ती माणसं नुसती बसतात होय? प्रत्येकाला गोल्फ येऊ लागलं.

"मान खाली," मास्तर म्हणत. "मान वर केली की गणित चुकतं."

"जबडा सैल सोडा," डॉक्टर म्हणत. "सगळा ताण जबड्यात असतो. आ करा."

"मनगट बघा कसं लाकडासारखं धरलंय," काकू म्हणत. "भाऊजी, कपबशी विसळतो ना आपण, तसं फिरवा. कपबशी विसळली नाहीत का कधी?"

दोरीपाशी उभ्या बायकोने तेवढ्यात "नाही" म्हणून सांगितलं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

मी मान खाली घातली, आ केला आणि कपबशी विसळली. माणसाची लाज एका मर्यादेपर्यंतच टिकते, नंतर तिची सवय होते. आणि मला सांगायला आवडत नाही, पण फटका सुधारला! चेंडू सुटला की अलगद उठायचा, ठरल्या जागी पडायचा आणि उताराने बरोबर भोकाकडे निघायचा. तो निघाला की मागून सगळे ओरडत, "अडवा! अडवा हो!" आणि मी काठी टाकून धावायचो आणि भोकाच्या काठावर पाय टाकायचो. सुरुवातीला दोन-तीन चेंडू निसटले, दवाखान्यातून आरडाओरडा ऐकू आला. मग माझा पाय असा तयार झाला की ओरडा पूर्ण व्हायच्या आत चेंडू बुटाखाली. जमलेली मंडळी टाळ्या वाजवायची. मला वाटायचं, टाळ्या फटक्याला आहेत.

"तुमचा पाय फार छान पडतो हो," बायको एकदा जिना उतरताना म्हणाली.

मला राग आला. महिनाभर मनगट झिजवलं आणि हिला दिसला पाय! "तू कपडे वाळत घाल," मी म्हटलं. तिने टॉवेल माझ्याच हातात दिला.

सामन्याच्या दिवशी मी एकटाच शांतपणे जाणार होतो. खाली उतरलो तर फाटकात मिनीबस उभी. "इमारतीचा माणूस खेळतोय," सेक्रेटरी म्हणाले, "आम्ही घरी बसायचं?" मास्तरांनी खुर्ची घेतली होती. डॉक्टरांनी दवाखान्याला कुलूप लावलं होतं. काकूंनी टोपी घातली होती. बायको तर आधीच आत जाऊन बसली होती. इतक्या वर्षांत ऑफिसच्या कुठल्या कामाला मला कुणी पोचवायला आलं नव्हतं. मला खरंच भरून आलं. मी खिडकीपाशी बसलो आणि बाहेर बघत राहिलो, कुणाला दिसू नये म्हणून.

आणि मी खेळलोही चांगला. साहेब हाणत होते, मी जवळून लावत होतो, आणि प्रत्येक वेळी चेंडू भोकाशेजारी जाऊन बसत होता. साहेबांनी नुसतं ढकलायचं. साहेब माझ्याकडे दोनदा बघून हसले. मागे आमची मंडळीही शिस्तीत होती. पहिल्याच भोकावर पंचांनी, पांढऱ्या मिशीच्या एका करड्या गृहस्थांनी, त्यांना गप्प बसायला सांगितलं होतं.

शेवटच्या भोकावर आलो तेव्हा सामना बरोबरीत होता. नदीपलीकडच्यांनी आपलं भोक पुरं केलं होतं. साहेबांनी बाह्या सरसावून चेंडू हाणला आणि तो हिरवळीच्या काठाशी, गेल्या वर्षीच्याच जागी येऊन पडला. समोरच्या शाखेने घाईघाईने चहाचं टेबल उचलून झाडामागे नेलं. त्याने मला दुखावलं.

साहेब जवळ आले, हळू आवाजात म्हणाले, "हा आत गेला, की ढाल आपली."

मी चेंडूपाशी उभा राहिलो. हिरवळीला उतार होता, डावीकडून कोपऱ्याकडे. थेट आमच्या गच्चीसारखा. मला कळलं की हा फटका मला येतो. मी मान खाली घातली. आ केला. साहेब जरा चपापले असावेत, पण मी कपबशी विसळली.

असा फटका मी पुन्हा मारणार नाही. चेंडू अलगद उठला, ठरल्या जागी पडला, क्षणभर थांबल्यासारखा झाला आणि वळण घेऊन भोकाकडे निघाला. सरळ. कुठे उडी नाही, कुठे अडखळणं नाही. साहेबांनी टोपी काढली. नदीपलीकडच्या मॅनेजरने डोळे मिटून घेतले. आता हातभर राहिला होता, आता वीतभर.

"अडवा!" काकू किंचाळल्या.

"अडवा! अडवा हो!" मास्तर खुर्चीतून उठले. डॉक्टर, सेक्रेटरी, सगळे एका आवाजात, "अडवा!"

मी काही विचार केला असेन, तर मला तो आठवत नाही. काठी हातातून पडली होती. मी धावत होतो. पाय आपोआप पुढे गेला आणि भोकाच्या अगदी काठावर, एक बोट उरलं असताना, चेंडू माझ्या बुटाखाली बसला.

आमच्या मंडळींनी कडकडून टाळ्या वाजवल्या.

मग टाळ्या एकेक करून विरत गेल्या. काकूंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी पाय उचलायला तयार नव्हतो. उचलला की ते खरं होणार होतं. पंच हळूहळू चालत आले, माझ्या बुटाकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं. "स्वतःचा चालता चेंडू स्वतःच मुद्दाम अडवला," ते म्हणाले. "हे भोक तुम्ही हरलात." जरा थांबून त्यांनी विचारलं, "पण का हो?"

मला काय सांगता येणार होतं? जाळीला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते म्हणून?

साहेबांनी टोपी परत डोक्यावर घातली. माझ्यापाशी आले, बराच वेळ त्या बुटाकडे बघत राहिले. "वा," ते म्हणाले.

परतताना मिनीबसमध्ये मी खिडकीपाशीच बसलो होतो. माझ्या डोळ्यांसमोर ती फ्रेम होती, आणि तिच्याखाली बसलेला मी. रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हींपैकी आधी कुठलं बाहेर पडेल याची मला खात्री नव्हती. पुलावर आल्यावर मास्तरांनी घसा साफ केला. "मान मात्र शेवटपर्यंत खाली होती," ते म्हणाले. डॉक्टर म्हणाले, जबडाही सैल होता. काकू म्हणाल्या, "भाऊजी, चुकलं हो माझं. पण तो असा भोकाकडे निघाला ना, मला राहवलंच नाही."

मी म्हटलं, "जाऊ द्या. मला तरी कुठे राहवलं?"

मग सेक्रेटरी आपल्या जागेवरून उठले, दांडा धरत धरत माझ्यापाशी आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे खरोखर ओले होते. "तुम्ही ऑफिसची ढाल घालवलीत, पण ठराव मोडला नाहीत," ते म्हणाले. "पुढच्या सभेत जाळीचा विषय मी पहिला घेतो. माझा शब्द."

बायको शेजारी बसून माझ्या बुटावरचं गवत निरखत होती. सेक्रेटरी जागेवर जाऊन बसेपर्यंत ती थांबली. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "अहो, उद्या तो निळा शर्ट घाला. फोटोत बरा दिसतो."